बांधावरचे माकडतोंड्या फुलपाखरू



पाकोळी म्हटले की तुम्हा-आम्हा ऊसवाल्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभी राहते ती पायरिला. पान हलवले की टुणकन उडी मारणारी, तोंडाशी चोचीसारखे टोक आलेली आणि पानातला रस पिऊन ऊस पिवळा पाडणारी. शाळेतल्या पोरांना मात्र पाकोळी म्हणजे फुलपाखरू. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ब्लू मॉर्मन या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि त्याचे नाव 'राणी पाकोळी' म्हणून सगळीकडे छापून आले. तेव्हा आमच्या गटातील एका वयस्कर सभासदांनी आम्हाला अगदी गंभीरपणे विचारले होते, "काय हो साहेब, सरकारनं पायरिलाला मान दिला म्हणं? मग आता तिच्यावर फवारायचं का न्हाई?"

त्या वेळी आम्ही पोट धरून हसलो. पण 'फवारायचं का न्हाई' हा त्यांचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गेल्या वर्षी तोच प्रश्न आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला आणि तोही एका फुलपाखरामुळेच. हे फुलपाखरू राणी पाकोळीसारखे ऐटबाज नाही. अंगठ्याच्या नखाएवढे, मातकट तपकिरी. कॅलेंडरवर याचा फोटो कोणी छापणार नाही. पण आपल्या शेताच्या बांधावर ते जे काम करते, ते फार थोडी फुलपाखरे करतात. ते प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला आम्हाला जवळजवळ दोन महिने लागले. ती हकिकत आणि त्यातून घ्यायचा धडा या अंकात सभासदांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात कशी झाली

गेल्या सप्टेंबरात आडसाली लागणीच्या नोंदी तपासण्यासाठी आम्ही गटात फिरत होतो. एका सभासदांच्या विहिरीजवळच्या बांधावर सीताफळाची नऊ-दहा झाडे आहेत. ऊसबिल आबांच्या खात्यावर जमा होते, पण सीताफळाचा पैसा काकूंचा. आठवडी बाजारात पाटी घेऊन त्या स्वतः बसतात. त्या पैशाला घरात कोणी हात लावीत नाही.

त्या दिवशी काकूंचा चेहरा उतरलेला होता. फळांच्या डोळ्याडोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस भरावा तसा पिठ्या ढेकूण बसला होता. देठापासून फांदीपर्यंत मुंगळ्यांची रांग. खालच्या पानांवर चिकटा आणि चिकट्यावर काळी बुरशी. असले फळ बाजारात कोण घेणार? आबांनी पंप भरून तयार ठेवला होता. औषध सोयाबीनवर मारून उरलेले.

"साहेब, हे चालंल न्हवं सीताफळाला?" आबांनी विचारले.

आम्ही बाटली हातात घेऊन लेबल वाचतो आहोत तोवर त्यांची पाचवीतली नात झाडाखालून ओरडली, "आजोबा, हितं माकड बसलंय! एवढंसं!"

आबा म्हणाले, "पोरीचं काय ऐकताय, तुम्ही औषधाचं सांगा." पण पोर ऐकेना. तिने एक पान तोडून आमच्या हातावर ठेवले. पानाच्या मधल्या शिरेजवळ तुरीच्या दाण्याएवढे काहीतरी चिकटले होते. चष्मा वर करून जवळ धरले आणि आम्हीही चाटच पडलो. दोन डोळे, मध्ये चपटे नाक, खाली मिटलेले तोंड. हुबेहूब लाल तोंडाच्या माकडाचा मुखवटा! कोणी कोरून बसवला असता तरी इतका बेमालूम झाला नसता.

तो कोष होता. एवढे कळण्यापुरती आमची पदविका कामाला आली. कोष म्हणजे त्याआधी अळी असणार. आणि ती अळी ढेकणांनी भरलेल्या पानांत काय करीत होती? पाने तर कुठेही कुरतडलेली नव्हती.

आम्ही आबांना म्हणालो, "दहा दिवस पंप थांबवा."

काकूंनीच उत्तर दिले, "आन् धा दिसांत फळं गेली म्हंजे? तुमच्या पगारातनं भरून देणार काय?"

प्रश्न रास्त होता. शेवटी तडजोड झाली. कोष सापडलेले झाड आणि त्याच्या शेजारचे, अशी दोन झाडे जशीच्या तशी सोडायची. बाकीच्या झाडांची जास्त किडलेली शेंडे-फळे काढून टाकायची, पाण्याचा जोरकस फवारा मारून ढेकूण धुऊन काढायचा आणि खोडावर मुंगळ्यांचा रस्ता बंद करायचा. औषध नाही. आम्ही शब्द तर दिला, पण मनात धाकधूक होतीच.

एक जुनी चूक

हा शब्द आम्ही का दिला, ते सांगितले पाहिजे. त्यासाठी २००२ सालात जावे लागेल.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात पसरला. ज्यांनी तो बघितला आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, खालच्या पानांवर चिकटा, त्यावर काजळीसारखी बुरशी. उसाच्या फडातून माणूस बाहेर आला की अंगावर कापूस पिंजल्यासारखे दिसायचे. आम्ही त्या वेळी शेतकी खात्यात नवेच लागलो होतो. वय कोवळे, हातात पदविकेचा कागद, आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर : फवारा.

एके दिवशी एक सभासद माव्याने भरलेले पान घेऊन आमच्याकडे आले. लोकरीत बारीक जाळे विणलेले होते आणि त्यात एक मळकट रंगाची अळी होती. ते म्हणाले, "साहेब, दोन दिस बघतोय. ही आळी ऊस खात न्हाई, मावा खातीया."

आम्ही म्हणालो, "अळी ती अळीच. आज मावा खाईल, उद्या पान खाईल. फवारून टाका."

त्यांनी फवारले. मावा गेला, अळीही गेली. तीन आठवड्यांनी मावा परत आला, पहिल्यापेक्षा दाट. अळी मात्र परत आली नाही.

पुढे प्रशिक्षणात आम्हाला कळले की ती अळी डिफा ॲफिडिव्होरा नावाच्या एका लहान पतंगाची होती आणि लोकरी माव्यावर तिच्याएवढा कामाचा मित्र दुसरा क्वचितच असेल. नंतर हेक्टरी एक हजार अळ्या सोडण्याची शिफारसच आली. ज्या अळीवर आम्ही फवारायला लावले, त्याच अळीची पाने आम्ही नंतर पिशवीत घालून एका फडातून दुसऱ्या फडात नेली. मायक्रोमस आणि एन्कार्शिया हे दुसरे मित्रकीटकही कामाला आले आणि पुढच्या काही वर्षांत मावा आटोक्यात आला.

त्या सभासदांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते. त्यांनी दोन दिवस फडात बसून डोळ्यांनी बघितले होते आणि आम्ही न बघता सांगितले होते. सीताफळाच्या पानावरचे माकड बघताना आम्हाला तेच जाळे आणि तीच अळी आठवली.

हे फुलपाखरू आहे तरी कोण?

पानाचा फोटो काढून जाणकारांना दाखवला. उत्तर आले : हे 'एप-फ्लाय' नावाच्या फुलपाखराचे कोष. शास्त्रीय नाव स्पॅल्जिस एपियस. कोषावरच्या माकडाच्या चेहऱ्यावरून इंग्रजीत हे नाव पडले. आबांच्या नातीने त्याचे बारसे 'माकडतोंड्या' असे केले आहे आणि आम्हाला तेच आवडले, म्हणून येथे तेच वापरतो.

या फुलपाखराच्या अळीची माहिती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आली होती. लिहिणारे होते एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हे गृहस्थ १८५१ साली आपल्या साताऱ्यात जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून पुढे ते जकात व मीठ खात्यात नोकरीला लागले आणि १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाले. म्हणजे खात्याची फिरती करता करता झाडाझुडपांत डोकावणारे ते अधिकारी. आम्हाला त्यांच्याविषयी जरा आपलेपणा वाटला तर सभासदांनी नवल मानू नये.

आता मुख्य गोष्ट. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत. बहुतेकांच्या अळ्या कोणते ना कोणते पान खातात. लिंबावरची पाने फस्त करणारी अळी आपल्याला माहीत आहेच. तीही एका फुलपाखराचीच. माकडतोंड्याची अळी मात्र पानाला तोंड लावीत नाही. ती पूर्ण मांसाहारी आहे आणि तिचे खाद्य म्हणजे पिठ्या ढेकूण. ढेकणाची अंडी, पिल्ले, मोठे ढेकूण, सगळे तिला चालते.

अशी मांसाहारी फुलपाखरे जगात फार थोडी. अमेरिकेत याचेच एक भावकीतले फुलपाखरू आहे, त्याची अळी तिकडच्या झाडांवरच्या लोकरी माव्यावर जगते. आपल्या ईशान्य भारतात आणखी एक आहे, ते बांबूवरच्या माव्यावर. आणि पतंगांकडे वळले तर आपली ओळखीची दोन नावे निघतात. लोकरी माव्यावरचा डिफा आणि पायरिलाच्या पाठीवर बसून तिला संपवणारा एपिरिकॅनिया. एपिरिकॅनियाचे पांढरे कोष असलेली पाने एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन टाचण्याचे काम आपल्यातल्या अनेकांनी केले आहे. माकडतोंड्या त्याच कामाचा. फरक इतकाच की, तो उसात नसून बांधावर आहे, म्हणून आपल्या नजरेत आला नाही.

मादी ढेकणांच्या पुंजक्यात एकेक करून अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि ढेकणांच्या कापसाखाली शिरून खायला लागते. ढेकणाचेच पांढरे पीठ ती अंगावर घेते, त्यामुळे ढेकणांच्या कळपात ती ओळखूच येत नाही. चिकट्याच्या लोभाने मुंगळे ढेकणांची राखण करतात आणि ढालकिड्यासारख्या मित्रकीटकांना हुसकून लावतात. पण ही अळी त्यांच्या नाकाखालून चरत असते आणि मुंगळे तिला काही करीत नाहीत. राखणदाराच्या डोळ्यांत धूळ म्हणतात ती अशी. आठ-दहा दिवस खाऊन झाल्यावर अळी जवळच्या पानावर किंवा फांदीवर कोष करते आणि त्यानंतर साधारण तितक्याच दिवसांनी फुलपाखरू बाहेर पडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साडेतीन आठवडे धरावेत. बंगलोर विद्यापीठात या फुलपाखरावर बराच अभ्यास झालेला आहे.

२००८ साली कोईमतूरकडे पपईवर परदेशातून आलेला नवा पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढे तो आपल्या राज्यातही आला. त्याच्यासाठी २०१० साली परदेशातून एक बारीक परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली आणि तिने चांगले काम केले. पण ती येण्याआधीच या परक्या ढेकणावर आपला माकडतोंड्या आपण होऊन तुटून पडला होता. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि पगारही दिला नव्हता.

ओळखावे कसे?

येथे सभासदांनी नीट लक्ष द्यावे, कारण पांढऱ्या पुंजक्यात तीन निरनिराळी पांढरी मंडळी असू शकतात.

पहिला पिठ्या ढेकूण स्वतः. लंबगोल, मऊ, अंगावर पीठ, कडेने बारीक पांढरे धागे. बहुधा जागेवर चिकटून बसलेला. चिरडला की ओलसर.

दुसरा क्रिप्टोलेमस ढालकिड्याचा ग्रब. हा आपला मित्र. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला आणि आज द्राक्ष व सीताफळाच्या बागांत मुद्दाम सोडला जातो. याच्या अंगावर मेणाचे लांब लांब पांढरे झुपके असतात आणि काडीने डिवचले की सहा पायांवर लगबगीने पळतो. ढेकूण इतक्या वेगाने पळत नाही, ही खूण.

तिसरी माकडतोंड्याची अळी. पूर्ण वाढलेली साधारण एक सेंटीमीटर. गोगलगायीचे शंख काढून टाकल्यावर राहील तसा चपटा, आखूड, लिबलिबीत आकार. डोके अंगाखाली दडवलेले. अंगावर पीठ आहे, पण ढालकिड्याच्या ग्रबासारखे लांब झुपके नाहीत. डिवचले तरी पळत नाही, सावकाश सरकते. पांढऱ्या पुंजक्यात मध्येच एखादा फुगवटा हलतोय असे वाटले, तर तीच समजावी.

कोष ओळखायला सर्वांत सोपा. तुरीच्या दाण्याएवढा, तपकिरी-करडा, माकडाच्या चेहऱ्याचा. एकदा पाहिला की जन्मात विसरणार नाही. मात्र कोषाला भोक पडलेले असेल आणि तो हलका लागत असेल तर फुलपाखरू उडून गेलेले आहे.

खुद्द फुलपाखरू ओळखायला अवघड. वरून साधे तपकिरी, पुढच्या पंखावर मध्याच्या पुढे एक फिकट ठिपका. मादीत तो जास्त पसरट. पंख मिटून बसले की खालची बाजू राखाडी-पांढरी आणि तीवर पेन्सिलीने ओढाव्यात तशा बारीक नागमोडी रेघा. बांधावर गवतात उडणारी लहान निळी फुलपाखरे पुष्कळ असतात, त्यांच्याशी घोटाळा होतो. त्यांच्या पंखांवर वरून निळी झाक असते आणि खाली काळे ठिपके असतात. माकडतोंड्याला निळा रंग नाही आणि पंखाला शेपटीही नाही.

आमचा शोध

ओळख कागदावर झाली. आता फुलपाखरू प्रत्यक्ष बघितल्याशिवाय आम्हाला चैन पडेना. पण सभासदहो, आमची जी फजिती झाली ती लपवीत नाही.

नातीने दिलेला पहिला कोष आम्ही मोठ्या काळजीने बरणीत ठेवला. आठ दिवस झाले, दहा झाले, काही नाही. पुन्हा भिंगाखाली धरला तेव्हा मागच्या बाजूला भोक दिसले. रिकामा होता! आम्ही दहा दिवस रिकाम्या घराची राखण केली.

दुसऱ्या खेपेस तीन अळ्या मिळाल्या असे वाटून आम्ही त्या ढेकणांच्या पानांसह घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी त्या बरणीभर पळत सुटल्या. ढालकिड्याचे ग्रब! वर सांगितलेली पळण्याची खूण आम्ही अशी शिकलो. सौभाग्यवतींनी मात्र स्वयंपाकघरात बरणी ठेवायला तेव्हापासून बंदी घातली.

तिसऱ्या खेपेस आम्ही गटऑफिसमधल्या मदतनिसांना बरोबर घेतले. चार-पाच वस्त्यांवरची सीताफळे, पेरू, जास्वंद, बांधावरचे गाजरगवतसुद्धा पाहिले. जिथे मुंगळ्यांची रांग वर चढते तिथे थांबायचे, हा नियम केला. रांगेच्या शेवटी ढेकूण असतोच आणि ढेकणात कधी ना कधी अळी. दसऱ्याच्या सुमारास एका पेरूवर पाच अळ्या मिळाल्या. बरणीला मलमलचे फडके बांधले, रोज ताजी ढेकणाची फांदी घातली. पाचांपैकी तीन मेल्या. एके दिवशी दुपारभर बरणी मोटारसायकलच्या डिकीत राहिली, त्यामुळे. दोन्ही उरलेल्यांनी कोष केले. दहाव्या दिवशी सकाळी एका कोषातून फुलपाखरू बाहेर आले. पंख वाळेपर्यंत बरणीच्या काचेला लटकून राहिले आणि मग आम्ही फडके सोडल्यावर समोरच्या सीताफळाच्या शेंड्यावर जाऊन बसले.

पण बरणीतले ते बरणीतले. रानातले दिसले ते नोव्हेंबरात. दिवाळी झाली होती, गाळप सुरू झाले होते, आम्हाला वेळ नव्हता. आबांच्या फडावर तोडणीची टोळी आलेली. म्हणून गेलो होतो. ऊन चांगले वर आले होते. टोळीतल्या बाया वाढे बांधत होत्या. नातीने हात धरून नेले आणि सीताफळाच्या शेंड्याकडे बोट केले. एक लहानसे करडे टिकले पानाच्या टोकावर बसले होते. दुसरे तसेच जवळून गेले, तसे हे झटकन उडाले, गिरकी घेतली, पुन्हा त्याच पानावर येऊन बसले. पंख मिटलेले, नागमोडी रेघा उन्हात स्वच्छ दिसत होत्या.

आम्ही विचारले, "तुला किती दिवसांपासून दिसतंय हे?"

ती म्हणाली, "रोजच दिसतंय की. तुम्ही यायचात तेव्हा त्याच्याकडं न बघता फळांकडं बघायचात."

दुर्मिळ दुर्मिळ म्हणून आम्ही दोन महिने ज्याच्या मागे फिरलो, ते नऊ झाडांच्या बांधावर रोज होते. फुलपाखराची एखादी जात खरोखर विरळ असते आणि एखादी आपल्या न बघण्यामुळे विरळ वाटते. माकडतोंड्या बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रकारातला. पण रोज फवारा पडू लागला तर त्याला पहिल्या प्रकारात जायला वेळ लागणार नाही.

मग फवारायचे का नाही?

आता काकूंच्या प्रश्नाचे उत्तर. पगारातून भरून देण्याची वेळ आली का?

सोडलेल्या दोन झाडांवरचा ढेकूण दसऱ्यानंतर ओसरू लागला. पुंजक्यांत पोकळ कापूस उरला. हे एकट्या माकडतोंड्याचे काम होते असे आम्ही म्हणणार नाही, कारण ढालकिडेही होते आणि मधल्या पावसानेही धुऊन काढले. पहिल्या तोड्यातली काही फळे काळी पडली ती पडलीच. काकूंनी हिशेब असा सांगितला : "माकडापायी माझी सात-आठ फळं गेली. पण उरलेली औषधाबिगर इकली, आन् पोरांनी झाडाखाली बसून न धुता खाल्ली." आम्ही तो हिशेब मंजूर केला.

व्यापारी द्राक्षबाग किंवा एकरभर सीताफळ असेल तर एका फुलपाखराच्या भरवशावर बसा, असे आम्ही सांगत नाही. तिथे कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच जावे. पण बांधावरची, परसातली, विहिरीजवळची पाच-पंचवीस झाडे प्रत्येक सभासदाकडे आहेत. त्यांच्यासाठी आमचे सांगणे असे :

१. पंप भरण्याआधी ढेकणाचे पुंजके दहा मिनिटे नीट बघा. काडीने हलकेच उलगडा. माकडतोंडाचा कोष, चपटी सावकाश अळी किंवा पळणारा ढालकिड्याचा ग्रब दिसला तर त्या झाडावर औषध मारू नका.

२. जास्त भरलेले शेंडे आणि फळे कापून काढा. कापलेल्या फांदीवर कोष किंवा अळी असेल तर ती फांदी जाळू नका. शेजारच्या ढेकूण असलेल्या झाडाला बांधा, जशी आपण एपिरिकॅनियाची पाने बांधतो.

३. खोडाला चिकट पट्टी गुंडाळून मुंगळ्यांचा रस्ता अडवा. माकडतोंड्याला मुंगळ्यांचा त्रास नाही, पण ढालकिडे आणि गांधीलमाश्यांना आहे. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंगळे तिकडून चढतात.

४. उरलेले औषध उरले आहे म्हणून दुसऱ्या पिकावर मारू नका. ज्या पिकाचे नाव लेबलावर नाही, त्या पिकावर ते औषध नको. फळ आपलीच पोरे खाणार आहेत.

५. बांधावरचे गाजरगवत फुलण्याआधी उपटा. पिठ्या ढेकणाचे ते माहेर आहे.

सभासदांना आणि विशेषतः त्यांच्या घरातल्या मुलामुलींना एक विनंती. यंदा पाऊस उघडल्यावर बांधावरचे एक तरी सीताफळ किंवा पेरू तपासावे. माकडतोंड सापडले तर पान तोडू नये. जागेवरच फोटो काढावा आणि गाव, झाड व तारीख गटऑफिसला कळवावी. गटावार नोंद करून पुढच्या वर्षी आपल्या कार्यक्षेत्राचा एक साधा नकाशा याच अंकात छापण्याचा आमचा मानस आहे. आपल्या उसाची नोंद आपण गुंठ्यागुंठ्याने ठेवतो. फुकटात राबणाऱ्या या सभासदाची एक नोंद ठेवायला काय हरकत आहे?

आणि कोणी सभासद पान घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "साहेब, मी दोन दिस बघतोय," तर यापुढे आम्ही आधी पान हातात घेऊन बघू. सांगायचे ते मग सांगू.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी